टाइम-लॅप्सचा कॅमेरा खोदाईआधी बसवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इमारत किंवा पूल उभा राहिला की उद्घाटनात त्याची टाइम-लॅप्स चित्रफीत, म्हणजे ठरावीक अंतराने काढलेले फोटो जोडून केलेली, दाखवतात. पुष्कळदा तिच्यात पायाच नसतो. कॅमेऱ्याची आठवण दोन मजले चढल्यावर झालेली असते. पाया नंतर पुन्हा दिसायचा नसतो, म्हणून कॅमेरा खोदाईआधीच लागला पाहिजे.

तो परांचीवर बांधू नये, परांची उतरणारच असते. शेजारच्या पक्क्या इमारतीचा काँक्रीटचा कठडा उत्तम. लोखंडी खांब वाऱ्याने हलतो आणि उन्हाने किंचित वाकतो. फोटोची चौकट नकाशातल्या शेवटच्या उंचीवरून ठरवावी. सुरुवातीला वर नुसतं आभाळ दिसेल, दिसू द्यावं.

खरी चूक होते ती दोन फोटोंमधल्या अंतरात. काम 18 महिन्यांचं, म्हणजे साधारण 540 दिवस. रोज 10 तास, तासाला एक फोटो धरला तर 5,400 फोटो होतात. सेकंदाला 25 या वेगाने साडेतीन मिनिटं भरतात, म्हणून हिशेब जुळल्यासारखा वाटतो. पण स्लॅब टाकायचं काम सहा तासांत उरकलं, तर त्याचे सहाच फोटो मिळतात आणि पडद्यावर ते पाव सेकंदात संपतं. दर 10 मिनिटांनी फोटो घेतला तर एकूण 32,400 होतात. नको ते नंतर गाळता येतात, न काढलेले कुठून आणणार? स्लॅबच्या दिवशी तर मिनिटाला एक घ्यावा. सहा तासांचे 14 सेकंद मिळतात.

फोकस हाताने लावून रिंगवर चिकटपट्टी मारावी. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) कायम ठेवावा, लेन्समधलं कंपनरोधक बंद करावं. शटरस्पीड मात्र उजेडाप्रमाणे बदलू द्यावा. शटर यांत्रिक असेल तर ते साधारण किती फोटोंसाठी बनवलंय, हे आधीच पाहावं.

सगळ्यात जास्त घात करतो तो दमटपणा. पहाटे कॅमेऱ्याच्या बंद पेटीची काच आतून धुरकट होते आणि सकाळचे फोटो वाया जातात. पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात, रबरी पट्टी तपासावी, काचेवर छज्जा द्यावा. त्या छज्ज्याखाली कोळी हमखास जाळं विणतो. ते काढताना पेटीला धक्का लागला तर पुढचे सगळे फोटो सरकतात, म्हणून मऊ ब्रशच वापरावा. सौर पॅनलवर चालवायचं असेल तर बॅटरी निदान पाच ढगाळ दिवस पुरेल एवढी हवी.

एका फोटोचे 8 एमबी धरले तरी एकूण 260 जीबी होतात. दर आठवड्याला प्रत काढावी, तेव्हाच कॅमेऱ्याचं घड्याळ जुळवावं. अनेक कॅमेऱ्यांत 9999 नंतर क्रमांक पुन्हा 0001 पासून सुरू होतो, त्यामुळे प्रत काढतानाच फाइलींना तारीख-वेळेची नावं द्यावीत. नाहीतर नवा फोटो जुन्याच नावाने येतो आणि जुना पुसून त्याची जागा घेतो.

आपला,
एक वाचक