ऑगस्टसची मकर रास

कार्डिफ,
रविवार, दुपार

प्रिय अव्या,

सप्रेम नमस्कार. नाण्यांचे फोटो पाठवले तर तू "बोकडाला माशाची शेपटी? हे काय गोळा करतोयस?" एवढंच विचारून मोकळा झालास. याचं उत्तर व्हॉट्सॲपवर मावणारं नाही, म्हणून निवांत लिहायला बसलोय. चहा घेऊन वाच.

तो प्राणी मकर. आपल्या पंचांगातलाच. आपल्याकडे देवळांवर कोरलेला मकर मगरीसारखा, सोंड वळवलेला, गंगेचं वाहन. रोमनांचा मकर पुढून बोकड आणि मागून मासा. ही जोडणी मूळची बॅबिलोनची. तिथे तो इआ या पाण्याच्या देवाचा प्राणी. पुढे ग्रीकांनी घेतला, त्यांच्याकडून रोमनांनी. राशीचक्र आपल्याकडेही ग्रीकांच्याच वाटेनं आलं, आणि गंमत बघ, वराहमिहिर बृहज्जातकात मकराला 'मृगास्य' म्हणतो, म्हणजे हरणाच्या तोंडाचा. मगरींच्या देशात येऊनही बिचाऱ्याचं तोंड खुरवाल्या जनावराचंच राहिलं.

आता हा रोमच्या नाण्यावर कसा चढला ते ऐक. ऑगस्टसचं चरित्र लिहिणारा रोमन लेखक सुएटोनियस सांगतो की ज्यूलियस सीझरचा खून व्हायच्या आधी, पोरसवदा ऑक्टेव्हियन, म्हणजे पुढे रोमचा पहिला सम्राट झालेला ऑगस्टस, अपोलोनिया गावी शिकायला होता. तो आणि त्याचा मित्र अग्रिप्पा, दोघं थिओजिनिस नावाच्या ज्योतिषाकडे गेले. अग्रिप्पाचं भविष्य आधी सांगितलं गेलं आणि ते इतकं थोर निघालं, की आपलं फिकं ठरेल या लाजेनं ऑक्टेव्हियन जन्मवेळ सांगेचना. फार आग्रह झाल्यावर सांगितली, तर थिओजिनिस उठला आणि थेट त्याच्या पायांवर पडला. तेव्हापासून त्याचा आपल्या पत्रिकेवर असा विश्वास बसला, की पुढे ऑगस्टस झाल्यावर त्यानं ती जाहीर केली आणि मकराच्या छापाचं चांदीचं नाणं पाडलं. गोष्ट खरी की रचलेली हे देव जाणे, पण नाणं खरं आहे.

पंचांग बघणाऱ्या आप्पांना इथे खटकेल. ऑगस्टसचा जन्म इ.स.पू. 63 मधला, 23 सप्टेंबरचा, सूर्योदयाच्या जरा आधीचा. मग सूर्य तुळेत, लग्नही तिथेच कुठेतरी. मकर आली कुठून? पंडितांनी यावर शाई पुष्कळ खर्च केलीय. कोणी म्हणतं गर्भधारणा डिसेंबरातली, तेव्हाचा सूर्य मकरेत. कोणी म्हणतं चंद्र मकरेत होता. आपल्या घरांत वाढलेल्या माणसाला दुसरं उत्तर इतकं सरळ वाटतं की वादच कळत नाही. रास विचारली की आपण चंद्राचीच सांगतो ना? शिवाय सीनेटनं त्याला 'ऑगस्टस' ही पदवी दिली ती इ.स.पू. 27 मध्ये 16 जानेवारीला, सूर्य मकरेत असताना. हे जुळून आलं की जुळवून आणलं, ते सांगता येणार नाही, पण त्या माणसाचा एकूण स्वभाव बघता मला दुसरं जास्त पटतं.

त्याचं ते देनारियस, म्हणजे रोमनांचं चांदीचं नाणं, हा माझ्या ट्रेमधला सगळ्यात महाग तुकडा. जेमतेम नखाएवढं, पावणेचार ग्रॅमच्या आसपास. इ.स.पू. 18 ते 16 च्या सुमाराचं, बहुधा स्पेनमधल्या टांकसाळीतलं. छाप्याच्या बाजूला ऑगस्टसचं उघडं डोकं, एक अक्षर नाही. नाव लिहायची गरजच नव्हती. काट्याच्या बाजूला मकर, पुढच्या खुरांत पृथ्वीचा गोल, त्याला जोडून जहाजाचं सुकाणू, पाठीवर धनधान्यानं भरलेलं शिंग आणि खाली ठसठशीत AVGVSTVS, अर्थात रोमन अक्षरांत. जग माझ्या हातात, सुकाणू माझ्या हातात, सुबत्ता माझ्यामुळे. एवढं सगळं एका बोकडाकडून वदवून घेतलंय. माझं नाणं झिजकं आहे, सुकाणू जवळजवळ गेलंय, पण शेपटीचा वळसा अजून असा आहे की ठसा कोरणाऱ्याला दाद द्यावी. याच्या नकलाही ढिगानं. काही त्या काळातल्याच, आत तांबं आणि वरून चांदीचा मुलामा. काही कालपरवा ओतलेल्या. भिंग लावलं की ओतीव नाण्यावर बारीक फुगे दिसतात, अक्षरांच्या कडा मऊ लागतात, काठावर सांध्याची रेघ सापडते. म्हणून मी कागदपत्रं, जुन्या लिलावाची नोंद, वजन हे बघितल्याशिवाय हात लावत नाही. कुठल्या शेतातून चोरून उकरलेलं नाणं घरात नको, हेही आहेच.

तू म्हणशील, लोक बारा सीझरांचे, म्हणजे ज्यूलियस सीझरपासूनच्या पहिल्या बारा राज्यकर्त्यांचे, मुखडे जमवतात, तसं का नाही? मला ती रांग कंटाळवाणी वाटते. बारा मुखडे झाले की संग्रह पुरा, मग करायचं काय? मकराचा माग काढताना प्रत्येक नाण्यापाशी एकच प्रश्न पडतो, याला ऑगस्टसची रास का लागली? आणि दर वेळी उत्तर वेगळं निघतं.

मला सगळ्यात लोभस उत्तर वाटतं ते मॉरिटेनियाच्या दुसऱ्या ज्युबाचं. याचा बाप इ.स.पू. 46 मध्ये थॅप्ससला सीझरकडून हरला आणि मेला. हे तान्हं पोर सीझरच्या विजययात्रेत रोमच्या रस्त्यांवरून मिरवलं गेलं. तिथेच वाढलं, शिकलं, विद्वान निघालं, आणि ऑगस्टसनं त्याला उत्तर आफ्रिकेतलं राज्य दिलं. बायको कोण दिली? क्लिओपात्रा सेलीनी, अँटनी आणि क्लिओपात्राची मुलगी. म्हणजे ॲक्टियमच्या लढाईत ज्यानं सासू-सासऱ्यांची धूळधाण केली, त्याची रास जावयानं आपल्या चांदीच्या नाण्यावर घेतली, गोल-शिंगासकट! REX IVBA असं स्वतःचं नाव छाप्यावर, आणि काट्यावर मालकाचा बोकड. राणीला ते नाणं हातात घेताना काय वाटत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. हे नाणं अजून माझ्याकडे नाही. लिलावात दिसतं आणि बोली माझ्या खिशाबाहेर जाते.

त्या मानानं सम्राट टायटसचं स्वस्त. बाप व्हेस्पेशियन इ.स. 79 च्या जूनमध्ये वारला, त्याला देव ठरवलं गेलं, आणि 80-81 मध्ये पोरानं त्याच्या नावानं देनारियस काढलं. दोन मकर पाठीला पाठ लावून एक ढाल तोलतायत, ढालीवर S C, म्हणजे 'सीनेटच्या ठरावानं', खाली गोल. घराणं नवं होतं, ऑगस्टसशी रक्ताचं नातं शून्य, आजोबा-पणजोबा कोण हे कोणी विचारू नये अशी परिस्थिती. मग थोरल्याची रास उसनी घेतली. माझा आपला एक तर्क आहे. व्हेस्पेशियननं इ.स. 43 च्या ब्रिटनवरच्या स्वारीत दुसऱ्या ऑगस्टा लीजनचं, म्हणजे रोमन सैन्याच्या एका मोठ्या तुकडीचं, नेतृत्व केलं होतं, वीसेक गावं आणि वाइट बेट जिंकलं होतं. त्या लीजनचं चिन्ह मकरच. म्हणजे हा प्राणी त्याच्या ओळखीचा होता. टांकसाळीतल्या माणसाच्या मनात हे होतं असं सिद्ध करता येणार नाही, पण ते नाणं उचललं की मला हेच आठवतं.

आणि ही लीजन पुढे कुठे मुक्कामाला आली? माझ्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर, कॅर्लियनला. इ.स. 75 च्या सुमारास त्यांनी तिथे किल्ला बांधला. अँफिथिएटर अजून आहे, गवतानं भरलेलं, पोरं त्याच्यात बॉल खेळतात. तू आलास की पहिल्या शनिवारी तिकडेच. शेजारच्या संग्रहालयातही जाऊ.

अलेक्झांड्रियाचं मात्र आप्पांसाठी खास लिहितो. सम्राट अँटोनायनस पायसच्या कारकिर्दीच्या आठव्या वर्षी, म्हणजे 144-45 मध्ये, तिथल्या टांकसाळीनं ग्रह आणि राशींची एक मालिकाच पाडली. काशाची मोठी ड्राख्मा, तळहातावर ठेवली की वजन जाणवतं. प्रत्येक ग्रह आपापल्या घरात दाखवलाय. मकराच्या वर कोण? शनी. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या इजिप्तमध्ये मकरेचा स्वामी शनीच होता, आणि आप्पांच्या खोलीतल्या पंचांगातही तोच आहे. ही नाणी बहुतेक घासून गुळगुळीत झालेली मिळतात. माझ्यावरचा शनी ओळखायला दिवा तिरपा धरावा लागतो. साडेसाती भोगलेलं दिसतं.

सम्राट गॅलिएनसपर्यंत चांदीच संपत आली होती. 260 मध्ये बाप व्हॅलेरियन इराणच्या शापूरच्या कैदेत, गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सकडे, पोस्ट्युमसनं वेगळी चूल मांडलेली, सीमेवर रोज नवा दावेदार. अशा वेळी यानं लीजनांच्या नावानं नाणी काढली. बाविसाव्या लीजनच्या नाण्यावर मकर, आणि लेख असा की ही सहा वेळा निष्ठावान, सहा वेळा एकनिष्ठ! त्या लीजनचं ठाणं ऱ्हाइनवर माइन्झला, म्हणजे पोस्ट्युमसच्या मुलखात. निष्ठा इतक्यांदा मोजून सांगावी लागते तेव्हा काय समजायचं ते आपण घरगुती राजकारणातून शिकलोच आहोत. कारकिर्दीच्या शेवटी त्यानं आणखी एक मालिका काढली, देवांनो रक्षण करा म्हणून एकेका देवाचा एकेक प्राणी. समुद्रदेव नेपच्यूनच्या नाण्यावर बहुतेकदा जलाश्व असतो, काहींवर मकर. दोन्हींना माशाचीच शेपटी, त्यामुळे हिणकस, अर्धवट उमटलेल्या नाण्यावर शिंगं आहेत की आयाळ यावर संग्राहक तासन्‌तास भांडतात. त्यात चांदी म्हणाल तर शंभरात दोन-तीन भाग. देवांना दिलेला नैवेद्यसुद्धा पातळच.

माझ्या मालिकेचा शेवटचा मानकरी करॉसियस. हा इंग्लिश खाडीवरच्या आरमाराचा अधिकारी. 286 मध्ये बंड करून ब्रिटनचा सम्राट झाला, 293 मध्ये त्याच्याच अर्थखात्याच्या अलेक्टसनं त्याला मारलं. मला हा गडी आवडतो. त्याच्या लंडनच्या टांकसाळीतल्या एका नाण्यावर LEG II AVG, म्हणजे तीच दुसरी ऑगस्टा लीजन, आणि मकर आहे. तीनशे वर्षांनंतर, साम्राज्याच्या टोकाच्या बेटावर, बंडखोराच्या नाण्यावर ऑगस्टसची रास. चेहरा जाडगेला, मानेला वळी पडलेली, मकर असा बेंगरूळ की ओळखायला माया लागते. याचीच दुसरी करामत ऐक. इतर सम्राट हिणकस पैसा पाडत असताना यानं काही नाणी चांगल्या चांदीची काढली, आणि त्यांवर खाली R S R ही अक्षरं टाकली. कित्येक वर्षं त्यांचा उलगडा होईना. मग 1998 मध्ये गाय द ला बेदॉयेर यांनी दाखवलं की ती व्हर्जिलच्या चौथ्या गोपगीतातल्या ओळीची आद्याक्षरं आहेत, 'शनीचं राज्य परत येत आहे'. शनीचं राज्य म्हणजे त्यांचं सत्ययुग. व्हर्जिल ऑगस्टसचा कवी, मकर ऑगस्टसची रास, आणि मकरेचा स्वामी शनी. दोन्ही एकाच माणसाच्या नाण्यांवर. करॉसियसनं हे एवढं सगळं मनात जोडलं होतं का? लीजनच्या नाण्यावर मकर म्हणजे फक्त लीजनचं जुनं चिन्ह असेल, असं शहाणे लोक म्हणतील. म्हणू देत.

तिकडची, आपल्या कोल्हापूरची एक आठवण. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1940 च्या दशकात सापडलेली पोसायडनची काशाची मूर्ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे, शाळेच्या सहलीत आपण तिच्यासमोरून पळत गेलो असणार. रोमनांचा नेपच्यून तो हाच. माल भूमध्य समुद्राकडून आपल्या पंचगंगेपर्यंत येत होता याचा तो पुरावा. भारतात सापडणाऱ्या ऑगस्टसच्या चांदीत त्याच्या दोन नातवांचा छाप आणि पुढे टायबेरियसचा, हेच जास्त. मकराच्या वाट्याला आपला देश फारसा आला नाही.

आता कामाचं. आप्पांना माझा नमस्कार सांग आणि हे गणित त्यांच्यासमोर ठेव. 23 सप्टेंबर, इ.स.पू. 63, रोम, सूर्योदयापूर्वी, चंद्र कुठे? सायन आणि निरयन दोन्ही करायला सांग, कारण त्या काळात दोघांत फरक आजच्यापेक्षा पुष्कळ कमी होता आणि तोही उलट्या बाजूनं. एक मेख आधीच सांगून ठेव. ज्यूलियस सीझरनं कॅलेंडर सुधारलं ते इ.स.पू. 45 मध्ये, त्याआधीचं रोमन पंचांग पुरोहितांच्या मर्जीवर चालायचं. त्यामुळे ती 23 तारीख आपल्या हिशेबात नेमकी कुठे पडते, यावरच सगळं अडेल. एक दिवस इकडे-तिकडे झाला की चंद्र तेरा अंश सरकतो, हे आप्पांना मी काय सांगणार. कागदावर मांडून दिलं तर फोटो पाठव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
नंदू