प्रकाशही ताणला जातो, मग लायगो मोजतो काय?

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

तू अगदी वर्मावर बोट ठेवलंस. गुरुत्वीय लहरीने, म्हणजे अवजड वस्तूंच्या हालचालीने अवकाशात उठणाऱ्या लाटेने, अवकाश ताणलं तर त्यातला प्रकाशही ताणला जाणार, म्हणजे फूटपट्टीच रबराची. मग मोजायचं कशाने?

आधी यंत्र बघ. लायगो म्हणजे अशा लहरी पकडणारं अमेरिकेतलं यंत्र; त्याची हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन अशी दोन केंद्रं आहेत. काटकोनातल्या दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर, आत निर्वात. एकच लेसर झोत दुभागून दोन्हींकडे सोडतात. भुजेतल्या आरशांमध्ये तो इतक्यांदा ये-जा करतो की वाट सुमारे १२०० किलोमीटरची होते. परतलेले झोत एकमेकांना जवळजवळ पूर्ण खोडतील अशी जुळणी असते. लहर आली की एक भुजा लांबते, दुसरी आखडते आणि बाहेर थोडा उजेड झिरपतो.

आता तुझं कोडं. भुजेत आधीच असलेला प्रकाश ताणला जातो, हे खरंच. पण तो तिथे टिकतो जेमतेम ४ मिलिसेकंद. लेसरमधून ताजा, मूळ तरंगलांबीचा प्रकाश येतच राहतो आणि लांबलेली भुजा पार करायला त्याला जास्त वेळ लागतो. मोजायचा तो हा उशीर, तरंगलांबी नव्हे. म्हणूनच फेऱ्या वाटेल तितक्या वाढवून चालत नाही. प्रकाश आत असतानाच लहर उलटली, तर आधी साठलेला फरक पुसला जातो.

हा फरक केवढा? १४ सप्टेंबर २०१५ ला पकडलेल्या पहिल्या लहरीने ४ किलोमीटरमागे प्रोटॉनच्या व्यासाचा साधारण चारशेवा हिस्सा. त्यामुळे खरी झुंज गोंगाटाशी आहे. ४० किलोचे आरसे चार टप्प्यांच्या लंबकावर, शेवटी ०.४ मिलिमीटर जाडीच्या काचेच्या धाग्यांवर टांगलेत. पोलादी तार का नाही? तिच्यातल्या अंतर्गत घर्षणामुळे उष्णतेची थरथर नेमकी आपल्याला हव्या त्या वारंवारतांत पसरते. धाग्यांच्या सिलिका काचेत ती फार कमी. तरी १० हर्ट्झच्या खाली जमिनीचा हादराच जिंकतो. हॅनफर्डला तर द्रव नायट्रोजनच्या नळीवरचं हिम डोमकावळे टोचायचे आणि नोंदीत ठिपके उमटायचे!

असला स्थानिक उपद्रव गाळायला दुसरं केंद्र हवंच. २०१५ ची खूण लिव्हिंग्स्टनला आधी दिसली, ३००० किलोमीटरवरच्या हॅनफर्डला ७ मिलिसेकंदांनी. ०.२ सेकंदात वारंवारता ३५ वरून २५० हर्ट्झपर्यंत चढली. जोडीतली कृष्णविवरं घिरट्या घेत जवळ येतात तेव्हा नेमकी अशीच चढते. आधी गणिताने लहरींचे नमुने तयार करायचे आणि नोंदीवर सरकवून जुळतात का बघायचं, या पद्धतीचा पाया घालण्यात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतले संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे. माझ्या मते आरशांइतकंच श्रेय या गणिताला द्यायला हवं.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला होणाऱ्या लायगोच्या केंद्राबद्दलही विचारलंयस. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने २६०० कोटी रुपये मंजूर केले. एका केंद्राला लहरीची दिशा जवळपास कळतच नाही, ती काढावी लागते पोचण्याच्या वेळांतल्या फरकावरून. केंद्रं जितकी दूर, तितका हा फरक मोठा आणि आकाशातला शोधायचा तुकडा लहान. अमेरिकेतल्या दोन्ही केंद्रांपासून औंढा इतकं लांब आहे, म्हणून तिथल्या नोंदीचं मोल.

कळावे,
तुझा,
अनिकेत