समोर उभ्या असूनही फोन उचललात, त्याबद्दल

ताई,

तुमचं नाव मला माहीत नाही. शर्टावर नावाची पाटी होती, पण तेव्हा पाट्या वाचायच्या मनःस्थितीत मी नव्हते. हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तुमच्या हाती पडलं तरी तुम्हाला वाचता यायचं नाही. तरी सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुमचं कौतुक कुणाजवळ तरी केल्याशिवाय मला चैन पडणार नाही. परदेशात पहिल्यांदाच प्रीपेड सिम घ्यायला निघालेल्या चार जणांनी वाचलं तर उत्तमच.

तुमच्या दुकानात शिरले तेव्हा आई कोपऱ्यावरच्या बंद दारासमोर बॅगेवर बसली होती. तुमच्या काचेतून ती मला अर्धीच दिसत होती. राहायची जागा त्या दारामागे, आणि दारावर चिकटवलेल्या कागदावर एवढंच : आल्यावर या नंबरवर फोन करा. नंबर घरातल्या साध्या फोनचा. माझ्या मोबाइलवर इंटरनेट सुसाट चालू होतं. नकाशा रस्ता दाखवत होता, घरच्या ग्रुपवर काकांचे सुविचार येऊन पडत होते. फक्त त्या नंबरला फोन लागत नव्हता.

लागणार कसा? विमानतळावरच्या काउंटरवाल्याने जे सिम गळ्यात मारलं होतं ते नुसतं डेटाचं होतं. फोन करता येतील ना, असं मी त्याला विचारलं होतं. ‘सगळं चालतं, सगळं,’ म्हणत त्याने पासपोर्ट मागून घेतला, माझं घरचं सिम काढून तळहातावर टेकवलं, नवीन आत सरकवलं आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे बघून हसला. पर्यटकांना विकली जाणारी कितीतरी सिमं नुसत्या डेटाची असतात. त्यांच्यावरून साधा फोन लागत नाही, काहींना तर स्वतःचा नंबरही नसतो. ही माहिती पाकिटाच्या मागच्या बाजूला होती म्हणे, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत.

त्याच्याही आधीचा मान आमच्या घरच्या मोबाइल कंपनीचा. निघण्यापूर्वी रोमिंगचा पॅक घेतला होता. ‘उतरल्या उतरल्या आपोआप सुरू होईल, मॅडम,’ असं कस्टमर केअरने गोड आवाजात सांगितलं होतं. उतरलो, पण काही सुरू झालं नाही. तक्रार करायची तर त्याच मुक्या फोनवरून!

आणि मग तुम्ही. तुमचं इंग्रजी बेताचं, माझंही बेताचंच, पण आपलं अडलं कुठेच नाही. मी दुकानात शिरताच ‘मोठा पॅक द्या, कितीचाही द्या’ म्हणाले. दुसऱ्या कुणी डोळे मिटून सर्वांत महागडं पाकीट पुढे सरकवलं असतं. तुम्ही पाकिटांना हातही लावला नाही. कुठून आलात, इथून पुढे कुठे, किती दिवस, फोन लागतात की नुसतं इंटरनेट, असं एकेक विचारत राहिलात. हा मोबाइल कंपनीकडून हप्त्यांवर घेतलेला तर नाही ना, हेही विचारलंत, कारण तसे फोन कधीकधी लॉक असतात आणि दुसऱ्या कंपनीचं सिम घेत नाहीत. खरं सांगते, त्या क्षणी मला तुमचा थोडा रागच आला. बाहेर आई ताटकळतेय आणि ह्या बाई मुलाखत घेतायत!

पुढे स्वित्झर्लंड म्हटल्यावर तुमचा हात थांबला. युरोपियन युनियनमधल्या एका देशाचं सिम २०१७पासून बाकीच्या सदस्य देशांतही जादा पैसे न भरता चालतं, एवढं मी ऐकून होते. स्वित्झर्लंड मात्र युनियनमध्ये नाही. नॉर्वे आणि आइसलँडही सदस्य नाहीत, पण तरी ते या सोयीत आहेत, हे अजब गणित तुम्ही मला काउंटरवरच्या नकाशावर बोट फिरवून समजावलंत. मी बोट ठेवलं होतं त्या पाकिटात स्वित्झर्लंड नव्हतं. ते चालतं असं दुसरं तुम्ही काढलंत, आणि ते स्वस्त होतं! डेटा कमी होता, पण ‘नकाशे वायफायवर उतरवून ठेवा, मग एवढा पुरतो,’ म्हणालात. पुरला, ताई. उरलासुद्धा.

पण पत्र लिहायला बसले ते यासाठी नाही. हिशोबी, जाणकार दुकानदार जगात पुष्कळ असतात. माझ्या मनातून जात नाही ते त्यानंतरचं.

पासपोर्ट तपासून झाला, नोंदणी झाली, सिम चालू झालं. मी पैसे पुढे केले. तुम्ही मानेनेच ‘थांबा’ म्हणालात. स्वतःचा मोबाइल काउंटरवर ठेवलात, तुमचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे सरकवलात आणि लावा म्हणालात. मी लावला. आपल्या दोघींच्या मध्ये, हातभर अंतरावर तुमचा फोन थरथरायला लागला. वाजला म्हणजे लागला, एवढ्यावर काम भागलं असतं. तुम्ही तो उचललात, कानाला लावलात, माझ्याकडे बघत गंभीरपणे ‘हॅलो’ म्हणालात, आणि मी काहीतरी बोलेपर्यंत वाट बघत राहिलात.

काय बोलायचं ते मला सुचेना. घशात आवंढा आला होता. शेवटी मीही ‘हॅलो’ म्हणाले. माझा आवाज तुमच्या फोनमधून अर्धा क्षण उशिरा ऐकू आला आणि आपण दोघी हसत सुटलो. मग तुम्ही मला उलटा फोन लावलात, तोही लागला. त्यानंतरच तुम्ही पैसे घेतलेत.

त्या चिठ्ठीवर तुमच्या नंबराशेजारी तुम्ही एक हसरा चेहरा काढला होता. एक डोळा मोठा, एक बारीक. नंबर कधी वापरायची वेळ आली नाही, पण चिठ्ठी पासपोर्टच्या कव्हरात होती तोवर मी निर्धास्त होते. ओळखीचं कुणी नसलेल्या शहरात फोन करता येईल असं एक माणूस आहे, हे त्या सिमच्या किमतीत धरलेलं नव्हतं.

निघताना तुम्ही विचारलंत, जुनं सिम कुठे आहे? आईच्या पर्समध्ये सुट्ट्या नाण्यांच्या कप्प्यात, टिश्यूच्या घडीत. १२.३ बाय ८.८ मिलिमीटरचा तो तुकडा, हरवला असता तर बँकेचे ओटीपी कुठे यायचे? तुम्ही धावत पाठवलंत मला आणायला. माझ्या मोबाइलला दोन सिमांची सोय होती आणि दुसरा खण रिकामाच होता! विमानतळावरच्या गृहस्थांना तो दिसला नव्हता किंवा बघायची गरज वाटली नव्हती. तुम्ही घरचं सिम त्यात घातलंत, त्याचं डेटा रोमिंग बंद केलंत, इंटरनेट नव्या सिमवर लावून दिलंत. पुढे रेल्वेची तिकिटं काढताना ओटीपी टणकन आला तेव्हा आईने तुमच्या नावाने, म्हणजे ‘त्या फोनवालीच्या’ नावाने, हात जोडले. आणि हो, घरच्या कंपनीचा मेसेजही आला. आपला रोमिंग पॅक सुरू झाला आहे, प्रवासाच्या शुभेच्छा. गरज संपल्यावर अगदी वेळेत.

तुम्हाला हे काहीच विशेष वाटलं नसेल. रोजचंच काम. पण परक्या देशात उतरलेला माणूस किती सहज फसवण्याजोगा असतो, हे काउंटरच्या पलीकडे बसणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. त्याला भाषा येत नाही, भाव माहीत नाहीत, आणि तो परत येऊन भांडणार नाही, कारण उद्या तो दुसऱ्या गावी असणार. जे परत येणारच नाही अशा गिऱ्हाइकाशी कोण कसं वागतं, त्यावरून मी हल्ली माणसं जोखते. विमानतळावरच्या माणसाने हा हिशोब नीट केला होता. तुम्ही तो केलाच नाहीत.

आई म्हणते, दुकानाचं नाव लिही, लोक शोधत जातील. मी नाही लिहीत. मोठा पॅक मागणाऱ्या बाईला समजावून छोटा पॅक विकलात, हे तुमच्या मालकांच्या कानावर जायला नको.

तुमची,
पासपोर्टवरचा फोटो नक्की हिचाच का, म्हणून तुम्ही भुवया उंचावून पाहिलेली गिऱ्हाईक