पंचावाल्या काकांचे आभार

रविवारी तळजाईवर आमची दीड वर्षाची लॅब्रॅडॉर चिंगी खारीमागे सुसाट धावली आणि केकाटून थांबली. मागचा उजवा पाय टेकवेना. 28 किलोचं धूड, मी एकटी. फिरायला आलेल्या एका काकांनी गळ्यातला पंचा तिच्या पोटाखालून घातला, दोन्ही टोकं वर धरली. "मागचं वजन माझ्याकडे, तुम्ही पट्टा सांभाळा." तसंच वाकून ते टेकडी उतरले. रिक्षावाल्या दादांनी सीटवर पोतं अंथरलं, एकही खड्डा आपटला नाही (पुण्यात!).

गुडघ्याचं लिगामेंट फाटलंय. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, तर नडगी पुढे सरकत होती. ऑपरेशन बहुधा लागेलच. तोवर त्याच पंच्याच्या आधाराने तिला शू करायला नेते.

काका, नाव विचारायचं राहिलं. नवा पंचा घेऊन ठेवलाय, जुना आता चिंगी देणार नाही.