शब्दांवाचूनचं गाणं

महोदय,

गाण्यात शब्दच नाहीत तर ऐकायचं काय, असं माझी आई विचारते. ‘एक्स्प्लोजन्स इन द स्काय’ हा अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातला बँड १९९९ पासून गायकाशिवाय वाजवतो आहे. गिटारी आणि ड्रम, मुख्यतः एवढंच. सुरुवातीला एकच गिटार, तीही इतकी हळू की लोकलच्या खडखडाटात कान द्यावा लागतो. मग त्याच चार सुरांवर दुसरी गिटार चढते, तार भरभर छेडली जाऊन सूर थरथरू लागतो, ड्रम जागा होतो आणि मुलुंडला सुरू झालेली रचना घाटकोपर येईतो अंगावर कोसळते. संथ आलापातून शेवटच्या वेगवान ‘झाला’पर्यंत जाणाऱ्या सतारीची सवय असलेल्या आपल्या कानांना हा धीर परका वाटू नये.

वडील गेले त्या पावसाळ्यात सांत्वनाचा एकही शब्द मला सहन होत नव्हता. तेव्हा रात्री हेच ऐकत पडून राहायचे. आपल्या पुरवणीत संगीतावर इतकं छापून येतं. या वाद्यसंगीतावरही कुणा जाणकाराकडून लिहून घ्यावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, मुलुंड, मुंबई