हरवलेल्या फोनबद्दल

सांगली, रविवार रात्र

चि. संकेत,

झोपताना आईनं विचारलं, "पोरानं नवा फोन घेतला का?" मी हो म्हटलं. तुझं खातं कॉलेजपासून माझ्यासोबत जॉइंट आहे आणि बँकेचे मेसेज माझ्याही मोबाईलवर येतात, हे तू विसरलास. फोन हरवला म्हणालास त्या शनिवारी रात्री अकरा दहाला नऊ हजार, अकरा एकोणीसला नऊ हजार, साडेअकराला सहा. हरवलेला फोन असे हप्ते पाडून पैसे पाठवत नाही रे. जन्मभर अडतीच्या दुकानात वह्या लिहिल्यात मी.

रागवायला लिहीत नाही. तीन वर्षांपूर्वी आयर्विन पुलाजवळ गाडी थांबवून तुला मुलगे आवडतात हे तू मला सांगितलंस आणि मी नुसता नदीकडं बघत राहिलो. पुढं घरी येईपर्यंत बोललो ते फक्त पेट्रोलबद्दल. म्हणूनच त्या लोकांनी "घरी सांगू" म्हटल्यावर तू घाबरून पैसे दिलेस ना?

ओळखीच्या वकिलांना तुझं नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, डेटिंग ॲपवरून लुबाडणाऱ्यांची रीत ठरलेली. कुणा देखण्या पोराचा इन्स्टाग्रामवरून उचललेला फोटो, दोन दिवस गोड बोलणं, मग ॲप सोडून व्हॉट्सॲपवर ये, मग कुठल्या तरी रिकाम्या फ्लॅटवर. दार उघडतो एक, आत असतात चौघं. नाहीतर व्हिडिओ कॉलवर कपडे काढायला लावतात, गुपचूप रेकॉर्ड करतात आणि दुसऱ्या दिवशी खोट्या पोलिसाचा फोन येतो.

यार्डात पॉलिश केलेली हळद वरून सगळी सारखीच पिवळी दिसते. घेणारा हळकुंड मोडतो, आतला रंग बघतो, मग भाव बोलतो. तू फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघ, तोच चेहरा दुसऱ्या नावानं सापडतो का. भेटण्याआधी व्हिडिओ कॉल कर, अंगभर कपड्यात. "कॅमेरा बिघडलाय" म्हणणाऱ्याला तिथंच सोड. कॉलवर त्याला चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांग, हल्ली चेहरेही बनावट मिळतात. ग्राइंडरवर, त्या डेटिंग ॲपवर, समोरच्याला तुझं अंतर दिसतं, ते बंद ठेव. तीन जागांवरून अंतर मोजलं की घराचा अंदाज लागतो, हे कळल्यावर मला दोन रात्री झोप नव्हती. पहिली भेट दिवसा, चार माणसं असलेल्या चहाच्या हॉटेलात. जाताना मला नुसतं लोकेशन पाठव. मी काही विचारणार नाही. (आईला पाठवू नको, तिला विचारल्याशिवाय राहवणार नाही.)

आणि कुणी अडकवलंच तर आधी तिथून सुखरूप बाहेर पड. फोनवर धमकी आली तर मात्र एक रुपयाही देऊ नको. दिल्यानं तोंड बंद होत नाही, भाव वाढतो. चॅट पुसू नको, स्क्रीनशॉट ठेव. 1930 वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, लगेच फोन लाव. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात, मग अडवणं अवघड. व्हिडिओ पसरवायची धमकी असेल तर स्टॉपएनसीआयआय नावाची साइट आहे. तिथं व्हिडिओ द्यावा लागत नाही, त्याचा डिजिटल ठसा तुझ्याच फोनवर तयार होतो आणि त्यांच्याशी जोडलेल्या साइट तो व्हिडिओ अडवतात.

पोलिसांची भीती वाटत असेल, तर वकील म्हणाले, दोन प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कलम 377 चा तो भाग सुप्रीम कोर्टानं 6 सप्टेंबर 2018 लाच काढून टाकलाय. गुन्हा असेल तर त्यांचा, खंडणीचा, न्याय संहितेचं कलम 308. त्याच वर्षी सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, ती बातमी मी कापून ठेवली. कोर्टाची बातमी आली त्या दिवशी पान उलटून पुढं गेलो होतो.

पुढच्या वेळी कुणी "बापाला सांगू" म्हणालं, तर माझा नंबर दे त्याला. दिवसभर फोन गल्ल्यावरच असतो.

चोवीस हजारांची तक्रार अजून देता येईल. तुझी तयारी असली तर शनिवारी पहाटेच्या एसटीनं येतो, ठाण्यात सोबत बसू. आईनं हळदीचा डबा भरून ठेवलाय, तोच द्यायला आलो म्हणून सांगीन.

तुझा,
पप्पा