काका, मेल चालू आहे

आदरणीय काका,
सा. न.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहा "साखर फार आहे" म्हणून अर्धाच प्यायलात, आणि मी आभार मानायला लागले तर म्हणालात, "ते राहू दे. लिहायचंच असेल तर काय झालं होतं ते नीट लिही. माझं नाव घालू नकोस." म्हणून हे पत्र असं उघडं आणि बिननावाचं.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. मी भोसरी एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपच्या ऑफिसात बसते. लेथवरची, टर्निंगची कामं, गिऱ्हाईक बहुतेक चाकणचं. सकाळी मेलवर शेड्यूल येतं आणि त्यावर दिवसभराच्या गाड्या ठरतात. गणपतीच्या आधीचे तीन आठवडे आमचं आउटलुक, म्हणजे मेलचा प्रोग्राम, दिवसातून दोन-तीनदा सर्व्हरपासून तुटायचं. एका मशीनवर नाही, सातही मशीनवर एकदम. तासाभराने आपोआप जोडलं जायचं. मधल्या वेळात पासवर्ड विचारत राहायचं आणि आम्हीही तो घालत राहायचो, एकदा कॅप्स लॉक लावून, एकदा काढून.

कॉम्प्युटर बघायला जो मुलगा यायचा त्याने पहिल्या आठवड्यात राउटर बंद-चालू केला, आणि मेल सुरू झाला! दुसऱ्या आठवड्यात अँटिव्हायरस काढून टाकला. तिसऱ्यात म्हणाला, सगळी मशीन फॉरमॅट मारू, आउटलुकची प्रोफाइल उडवू, नवीन लायसन्स घेऊ. कोटेशनही आलं. साहेब सही करायच्या बेतात होते. त्या रात्री मी सोसायटीच्या बाकावर तुमच्याजवळ रडगाणं गायले. सल्ला हवा होता असं नाही, कुणाला तरी सांगायचं होतं इतकंच.

तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "स्क्रीनवर काय येतं? तुझ्या शब्दांत नको, त्याच्या शब्दांत सांग." मी दुसऱ्या दिवशी फोनवर वाचून दाखवलं: शून्य, एक्स, आठ, शून्य, शून्य, तीनदा सी, शून्य, ई. तुम्ही म्हणालात, "म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलंच नाही. पासवर्डाची पाळी आलीच नाही अजून. आउटलुक पासवर्ड मागतं म्हणून तो चुकलाय असं धरू नका. आणि दहा-दहा वेळा टाइप करणं आधी बंद करा." ते शेवटचं वाक्य किती महत्त्वाचं होतं ते मला नंतर कळलं.

दुसरा प्रश्न फोनबद्दल. "फोनवर मेल येतो?" येतो, म्हटलं. "ऑफिसच्या वायफायवर, की सिमच्या नेटवर?" ते मला सांगता येईना. ऑफिसचं वायफाय स्टोअरपाशी पोचत नाही म्हणून आम्ही सगळे फोन सिमवरच ठेवतो. मेल बंद असताना फोन वायफायवर घेऊन बघितला, तर फोनवरही बंद. दोष आउटलुकचा नाही हे एवढ्यानेच ठरलं. फॉरमॅटचं कोटेशन मी त्याच दुपारी साहेबांच्या टेबलावरून उचललं.

तुमची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. तुम्ही म्हणायचात, तक्रार आली की आम्ही गिऱ्हाइकाच्या घरातला फोन उघडून बसत नव्हतो. एक्स्चेंजमधल्या एमडीएफवर, जिथून सगळ्या तारा निघतात, टोन आहे का बघ, मग रस्त्यावरच्या पिलरच्या पेटीत, मग घराजवळच्या डीपीच्या डबीत. टोन जिथे संपतो तिथेच दोष. मेलसाठी तुम्ही तेच केलंत, फक्त टेस्टर वेगळा. मेल बंद असताना मला पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या कमांड द्यायच्या खिडकीत, एक ओळ टाइप करायला लावलीत: टेस्ट-नेटकनेक्शन, पुढे मेल सर्व्हरचं नाव, पुढे पोर्ट ९९३, म्हणजे सर्व्हरचं मेल घ्यायचं दार. उत्तर आलं फॉल्स, म्हणजे पोचत नाही. ५८७ वर, जिथून मेल बाहेर जातो, तिथेही फॉल्स. मग त्याच मशीनला माझ्या फोनचा हॉटस्पॉट जोडला, तर दोन्ही ट्रू. मशीन तेच, आउटलुक तेच, पासवर्ड तोच.

"आता आपल्या कंपनीची वेबसाइट उघड," तुम्ही म्हणालात. आठ वर्षांत ती ऑफिसातून कुणी उघडलीच नव्हती, आम्हाला कशाला लागते? ती उघडेना. बाकी सगळं इंटरनेट मजेत चालू होतं. वेबसाइट आणि मेल एकाच होस्टिंगवर, म्हणजे एकाच भाड्याच्या सर्व्हरवर, आणि नेमका तोच सर्व्हर आमच्या ऑफिसला घरात घेत नव्हता. आमचा पत्ता, म्हणजे बाहेरून दिसणारा आयपी, त्याने तासाभरासाठी बंद यादीत टाकलेला होता. राउटर बंद-चालू केल्यावर मेल का सुरू व्हायचा तेही उलगडलं. आमचं कनेक्शन साधं, राउटर नव्याने लागला की नवा आयपी मिळतो, आणि नव्या पत्त्यावर अजून कुणाचा राग नसतो. त्या मुलाचा उपाय लागू पडत होता हे खरं, पण का ते त्याला विचारावंसं वाटलं नाही, हे मला आजही खटकतं.

मग तुम्ही मला वेळा लिहायला लावल्यात. डिस्पॅच रजिस्टरच्या मागच्या पानावर: मंगळवार ११.१०, ३.४०. बुधवार ११.२५, ४.०५. शुक्रवार ११.०५. गुरुवारी काही नाही. भोसरीत गुरुवारी सुट्टी असते, पण मी महिनाअखेरचं काम संपवायला गेले होते, आणि दिवसभरात मेल एकदाही तुटला नाही. मी त्याला चांगला दिवस समजले. तुम्ही पान वाचलंत आणि विचारलंत, "अगं, रोज अकराला आणि दुपारी साडेतीन-चारला तुमच्याकडे असं काय होतं, जे गुरुवारी होत नाही?"

माल येतो, काका. चलनं येतात. स्टोअरमधला पोरगा ती स्कॅन करून मेल करतो.

तुम्ही शनिवारी दोन बस बदलून आलात. स्टोअरच्या कोपऱ्यात, ऑइलच्या ड्रमांमागे, तो स्कॅनर-कॉपियर. त्याच्या मागचं लेबल वाचायला तुम्ही टॉर्च काढलात, मग गुडघ्यावर हात टेकून वाकून त्याच्या छोट्या पडद्यावर सेटिंग शोधलंत. युजरनेममध्ये ऑर्डरची मेलबॉक्स. पासवर्ड चार टिकल्यांमागे, पण कुठला असणार ते आम्हा दोघांना कळलं. जुलैत एक जण नोकरी सोडून गेला तेव्हा साहेबांनी ऑर्डरच्या मेलबॉक्सचा पासवर्ड बदलायला सांगितला होता. मी सातही मशीनवर बदलला, दोन फोनवर बदलला. स्कॅनरलाही पासवर्ड माहीत असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तो बिचारा रोज प्रत्येक चलनामागे जुना पासवर्ड घेऊन सर्व्हरवर जायचा, नकार मिळाला की पुन्हा जायचा. पाच-सहा चलनं झाली की सर्व्हरला वाटायचं कुणीतरी पासवर्ड फोडायला बसलंय, आणि तो अख्ख्या ऑफिसला कुलूप लावायचा. मग आउटलुक पासवर्ड विचारायचं, आणि कुलूप निघाल्या निघाल्या आम्ही घाईघाईने चुकीचे टाइप करून त्यात आमचीही भर घालायचो. स्टोअरचा पोरगा कुणाला काही बोलला नाही, कारण स्कॅन पोचत नाही हे त्याला वाटत होतं त्याचीच चूक.

होस्टिंगवाल्यांना फोन केल्यावर त्यांनी लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, बघून हेच सांगितलं, आणि आमचा आयपी कायमचा परवानगीच्या यादीत टाकू का विचारलं. तुम्ही नको म्हणालात. तो पत्ता उद्या दुसऱ्या कुणाकडे असेल. त्याऐवजी स्कॅनरसाठी वेगळी मेलबॉक्स, वेगळा पासवर्ड. उद्या स्कॅनर चुकला तरी तो कुठल्या नावाने चुकतोय ते लॉगमध्ये लगेच दिसेल.

एका गोष्टीसाठी वेगळे आभार. निघताना तुम्ही साहेबांचं मशीन सहज बघितलंत आणि एकदम गप्प झालात. बाकी सहा मशीन आयमॅपवर आहेत, मेल सर्व्हरवर असतो आणि मशीनवर त्याची प्रत. साहेबांचं खातं जुनं, पॉपवर. त्यात मेल सर्व्हरवरून उतरवून घेतला जातो, आणि त्यांच्या सेटिंगमध्ये सर्व्हरवर प्रत ठेवायची खूण नव्हती. बारा वर्षांची ड्रॉइंगं, रेट, भांडणं आणि तडजोडी आउटलुकच्या एका पीएसटी फाइलमध्ये, त्या एका हार्ड डिस्कवर. फॉरमॅट मारला असता तर... साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत होते. फाइलच्या दोन प्रती आता दोन वेगळ्या डिस्कवर आहेत, त्यातली एक त्यांच्या घरच्या कपाटात.

तुम्ही गेल्यावर पुढच्याच सोमवारी अकाउंट्समधल्या ताई ओरडत आल्या, "गेला परत!" माझ्या पोटात गोळा आला. तुमच्यासारखंच विचारलं, त्याच्या शब्दांत काय येतं? खाली लिहिलं होतं 'वर्किंग ऑफलाइन'. त्यांच्या हातून सेंड-रिसीव्हमधलं 'वर्क ऑफलाइन'चं बटण दाबलं गेलं होतं. पुन्हा दाबलं, झालं. तुम्हाला फोन करायचा मोह आवरला, पण सांगायचं होतंच.

रजिस्टरच्या मागच्या पानावर आता दुसरी यादी आहे: ऑर्डरचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे. सात मशीन, दोन फोन. साहेबांच्या घरचा जुना लॅपटॉप निघाला तो दहावा. स्कॅनरचं नाव खोडलेलं आहे, पण वाचता येतं.

तुमचा टॉर्च स्कॅनरच्या मागेच राहिला होता, ऑइल पुसून पर्समध्ये ठेवलाय. गुरुवारी संध्याकाळी बाकावर घेऊन येते. चहाही आणते थर्मासमधून, बिनसाखरेचा.

आपली,
बी विंग, तिसरा मजला